सोमवारचं डोकं

दर सोमवारी सव्वाआठला हॉस्पिटलातले मामा बूट काढून तपासणीच्या टेबलावर आडवे व्हायचे आणि त्यांचं डोकं कामाला लागायचं. बाकीचा आठवडा हातपाय राबायचे. व्हीलचेअर ढकलायच्या, चादरी बदलायच्या, जेलच्या बाटल्या भरायच्या, घाबरलेल्या पेशंटशी इकडचं तिकडचं बोलायचं. सोमवारची पहिली पंधरा मिनिटं मात्र डोक्याची ड्यूटी. मशीन चालवणाऱ्या ताई त्यांच्या कानशिलावर गार जेल लावायच्या, जाड्या पेनाएवढी प्रोब तिथे टेकवायच्या, आणि मामांच्या मेंदूतल्या रक्ताचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. पडद्यावर एक आकडा उमटायचा. तो नेहमीसारखा आला की रजिस्टरात टिपायचा, मशीन ठीक आहे असं म्हणायचं, आणि बाहेर बाकावर ताटकळत बसलेल्या डोक्यांना एकेक करून आत घ्यायचं.

तराजूला जसं एक खात्रीचं वजन लागतं, तसं या मशीनला मामांचं डोकं. मामांना याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. अख्खं हॉस्पिटल माझ्या डोक्याने चालतं, असं ते घरी बायकोला सांगायचे. बायको म्हणायची, मग घरी येताना ते तिथेच विसरून येत जाऊ नका.

ही पद्धत कुणी ठरवली नव्हती. चौदा वर्षांपूर्वी मशीन नवंकोरं आलं, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरीणबाई आणि ताई दोघी त्याच्याभोवती उभ्या होत्या, आणि खोकं उचलून आणणारे मामा काम झालं तरी दारात रेंगाळत होते. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. आडवे व्हा, दाखवते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कवटीचं हाड तसं जाड, पण कानशिलापाशी एक पातळ जागा असते आणि मशीनच्या लहरी तिथूनच आत शिरतात. तिला खिडकी म्हणतात. कुणाकुणाची ही खिडकी जवळजवळ बंदच असते. अर्धा तास शोधा, घाम गाळा, काही ऐकू येत नाही. मामांच्या कानशिलाला प्रोब लागते न लागते तोच आवाज आला, हूऽऽश, हूऽऽश, जड पडदा वाऱ्याने हलावा तसा. आकडा आला पॉइंट ब्याऐंशी. पुढच्या सोमवारी ताईंना मशीनची शंका आली म्हणून त्यांनी मामांना परत आडवं केलं. पुन्हा पॉइंट ब्याऐंशी. झालं, त्या दिवसापासून सोमवार आणि मामा यांची गाठ पडली. कचेऱ्यांमधल्या निम्म्या पद्धती अशाच पडतात आणि मग त्यांना हात लावायची कुणाची छाती होत नाही.

रिसेप्शनवरच्या बाईंनी मामांना 'चौकशीखिडकी' असं नाव ठेवलं होतं. इतर ठिकाणी लोक खिडकीशी जाऊन चौकशी करतात, इथे खिडकीच लोकांना भंडावून सोडते, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. मामांना प्रश्न पडायचे आणि पडलेला प्रश्न ते उचलून खिशात टाकत नसत, जो समोर असेल त्याच्या हातात देत. जेल गारच का? आवाज एकसारखा का नाही, चढतो आणि उतरतो का? पडद्यावरचा आकडा नेमका कशाचा? डॉक्टरीणबाई चहाच्या वेळेला सापडल्या की मामा खनपटीला बसत. त्यांनी सांगितलं होतं की रक्ताचा सगळ्यात जास्त वेग घ्यायचा, त्यातून सगळ्यात कमी वेग वजा करायचा, आणि उरेल त्याला सरासरी वेगाने भागायचं. हृदयाचा ठोका मेंदूत पोचेपर्यंत किती उसळता राहिला आहे, ते त्यावरून कळतं. आकडा लहान म्हणजे प्रवाह संथ. आकडा मोठा म्हणजे धक्के.

"पण हृदय तर धक्केच मारतं," मामा तेव्हा म्हणाले होते. "मग आतल्या केसासारख्या नसांना ते बसत कसे नाहीत?"

डॉक्टरीणबाईंनी चहा खाली ठेवून समजावलं होतं. हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या लवचीक असतात. ठोका आला की फुगतात, दोन ठोक्यांच्या मध्ये आवळतात, आणि धक्का स्वतःच्या अंगावर घेतात. पुढे जातो तो बराच संथ प्रवाह. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे माझ्या व्हीलचेअरसारखं. टायरमध्ये हवा असली की दाराचा उंबरठा टायर खातं, पेशंटला कळतही नाही. टायर कडक झालं की तोच उंबरठा थेट पेशंटच्या मणक्यात जातो. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. वीस वर्षं शिकवून मला हे सुचलं नाही, असं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला टायर आणि उंबरठा सांगायला लागल्या. मामा ते दाराबाहेरून ऐकायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

वर्षं गेली. रजिस्टरं भरली, कपाटात गेली, नवी आली. पॉइंट ब्याऐंशीचे पॉइंट पंच्याऐंशी झाले, पाचेक वर्षांत पॉइंट एकोणनव्वद. ताईंनी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलं होतं की पॉइंट नव्वदपर्यंत मशीन ठीक. आकडा त्याच्याही वर जायला लागला तेव्हा त्यांनी प्रोब बदलून घेतली. आकडा उतरला नाही. त्यांनी वायर बदलली, तरी नाही. शेवटी दोन वर्षांपूर्वी आकडा एकच्या वर ठाण मांडून बसला, तेव्हा त्यांनी कंपनीचा माणूस बोलावला.

तो माणूस पाण्याचा एक टब घेऊन आला. त्यात एक दोरा ठरलेल्या वेगाने फिरायचा आणि मशीनने तो वेग बरोबर सांगायचा, अशी त्याची परीक्षा. मामा टब धरून उभे होते. मशीन पास झालं. माणूस टब पुसता पुसता म्हणाला, ताई, मशीन वेग कमीजास्त दाखवू शकेल, पण तुमचा हा आकडा वेगाला वेगाने भागून येतो. मशीन फुगवेल तर वरचं आणि खालचं दोन्ही सारखंच फुगवेल, भागाकार तोच राहील. ताई म्हणाल्या, दोरा वेगळा आणि डोकं वेगळं. मामांचं डोकं मी बारा वर्षं ओळखते, ते असं वागत नाही. माणसाने खांदे उडवले, सही घेतली आणि गेला.

ताई हुशार आणि कामाला चोख होत्या, आणि ही चूक चोख माणसाच्याच हातून होते. त्यांनी एक तोड काढली. सोमवारी मामांच्या डोक्यात जेवढं जास्त येईल, तेवढं त्या आठवड्याच्या सगळ्या पेशंटच्या आकड्यातून वजा करायचं. डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं होतं, त्यांनी कामाच्या घाईत मान हलवली होती.

आणि मामा? भागाकार तोच राहील हे मामांनी ऐकलं होतं. पूर्वीचे मामा असते तर त्यांनी तिथल्या तिथे टब खाली ठेवला असता आणि विचारलं असतं, मग आकडा का वाढला? त्या दिवशी त्यांनी टब धुतला, पालथा घातला आणि चादरी आणायला निघून गेले.

कारण मामा गप्प होत चालले होते. हे इतकं हळू झालं की बहुतेकांना कळलंच नाही, आणि ज्यांना कळलं त्यांना ते बरंच वाटलं. मामा आता शहाणे झाले, असं रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या. पावलं आखूड पडायला लागली होती, म्हणून मामांनी नवे बूट घेतले. व्हीलचेअर दाराच्या चौकटीला घासायची, म्हणून त्यांनी चाकांना तेल घातलं. एकदा उशीला अभ्रा घालायचा म्हणून अभ्रा हातात घेतला आणि पुढे काय करायचं ते चटकन आठवेना, तेव्हा त्यांनी अभ्रा घडी करून परत गठ्ठ्यावर ठेवला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. साठीपर्यंत तीन वर्षं नोकरी होती. ज्याचं डोकं अख्ख्या खात्याचं माप, त्याने डोक्याची तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

त्यात भर म्हणजे मामांना कुणी तपासलंच नव्हतं. दरवर्षी कर्मचाऱ्यांची तपासणी व्हायची. मामा त्या दिवशी इतरांच्या खुर्च्या ढकलत असायचे आणि कारकून म्हणायचा, तुमचं काय मामा, तुमचं तर दर सोमवारी होतं, इथे सही करा. दर सोमवारी मशीनची तपासणी होत होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच डोक्यात शिरलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी मामा खिडकीशी बसले होते. बायको शर्टाची काजं करत होती. ती एका कपड्यांच्या दुकानासाठी घरून काज-बटणाचं काम करायची आणि तिचा हात मशीनसारखा चालायचा. लग्न झालं तेव्हा मामांनी तिला पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं की पुरुषांच्या शर्टाची बटणं एका बाजूला आणि बायकांच्या दुसऱ्या बाजूला का असतात. तिला उत्तर आलं नव्हतं आणि तिने माहेरी जाऊन सांगितलं होतं की माणूस चांगला आहे पण डोकं खातो. आता तिने दाताने दोरा तोडला आणि वर न बघता म्हणाली,

"वर्ष झालं, तुम्ही मला काही विचारलं नाही."

मामा म्हणाले, काय विचारायचं?

"तेच तर," ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "आधी मला वाटलं, सुटले एकदाची. आता घर खायला उठतं. माझं काही चुकलं का?"

मामा नाही म्हणाले. पण ते वाक्य त्यांच्या अंगाला चिकटून राहिलं. जेवताना ते होतं, दात घासताना होतं. बरोबर आहे तिचं, त्यांना वाटलं. मी विचारत नाही. विचारावंसंच वाटत नाही. पूर्वी प्रश्न आपणहून यायचे, दारावर थाप मारायचे. आता कुणी येत नाही. आणि मग बऱ्याच दिवसांनी, गंजलेली कडी निघावी तसा एक प्रश्न निघाला. का येत नाही?

तो प्रश्न घेऊनच ते सोमवारी टेबलावर आडवे झाले.

जेल गार होतं. प्रोब टेकली. आवाज आला. चौदा वर्षांत मामांनी हा आवाज इतक्या वेळा ऐकला होता की आता ते ऐकत नसत, छताकडे बघत पडून राहत. आज त्यांनी डोळे मिटले आणि कान दिला. हूऽऽश नव्हतंच ते. मधे जो लांबलेला सुस्कारा असायचा तो जवळजवळ संपलाच होता. ठक् यायचा, मग रिकामं. ठक्, रिकामं. हा आवाज मामांच्या ओळखीचा होता. शुक्रवारीच ऐकला होता. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या एक, पायाला पाय लावून चालायच्या, खुर्चीतून उठून टेबलापर्यंत सहा पावलं यायला त्यांना दोन मिनिटं लागली होती. त्यांची मुलगी सांगत होती की आई कशातच रस घेत नाही हो, नुसती बसून राहते. त्यांच्या कानशिलातून असाच ठक् येत होता. त्यांच्या आधीच्या आठवड्यात एक सुतारकाका होते, त्यांचाही तसाच. चौदा वर्षांत मामांनी हजारो डोकी ऐकली होती. आकडा लपवून नुसता आवाज ऐकवला असता तरी त्यांनी सांगितलं असतं की या माणसाला खुर्चीतून उतरवताना हात धरायला हवा.

"एक पॉइंट सत्तावीस," ताई वैतागून म्हणाल्या. "परत बिघडलं हे. आता कंपनीलाच सुनावते." त्यांनी फोन उचलला.

"ताई, फोन ठेवा," मामा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "मशीन बरोबर आहे. डोकं बिघडलंय."

ताई आधी हसल्या. मामांची थट्टा अशीच असायची. मग त्यांनी पाहिलं की मामा हसत नाहीत. त्यांनी फोन ठेवला, प्रोब पुसली आणि मामांच्याऐवजी स्वतः टेबलावर झोपल्या. रिसेप्शनवरच्या बाईंना बोलावून मामांनीच प्रोब कुठे धरायची ते दाखवलं. ताईंचा आकडा आला पॉइंट अठ्ठ्याऐंशी, अगदी त्यांच्या वयाला साजेसा. मग बाईंना आडवं केलं. पॉइंट एक्क्याण्णव. चौदा वर्षांत हे करून बघायला दहा मिनिटंही लागली नसती. ताई कपाटापाशी गेल्या, सगळी रजिस्टरं काढली, जमिनीवर मांडून बसल्या आणि एकेका वर्षाचा पहिला सोमवार बघत गेल्या. पॉइंट ब्याऐंशी, पंच्याऐंशी, एकोणनव्वद, शहाण्णव, एक, एक पॉइंट बारा. तिसऱ्या वहीपर्यंत त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मी तुम्हाला मोजपट्टी समजले, मामा," त्या म्हणाल्या. "मोजपट्टीचं वय वाढत नाही."

मामांना त्यांची दया आली. त्यांनी विचारलं, चहा आणू का? इतक्या दिवसांत त्यांनी कुणाला आपणहून विचारलेलं हे पहिलंच.

त्या दिवशी मामांचं ब्लडप्रेशर मोजलं गेलं. वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरीणबाईंनी ते तीनदा मोजलं, दोन्ही हातांवर. दुसऱ्या दिवशी मामांना एमआरआयच्या नळीत घातलं, आणि बुधवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आणि बायकोला समोर बसवून पडदा फिरवला. मेंदूच्या आत खोलवर, फळ्यावर खडूची बोटं उठावीत तसे पांढरे डाग होते. मोठे नव्हते, पण होते, दोन्ही बाजूंना.

डॉक्टरीणबाईंनी सवयीने सुरुवात केली. मोठ्या रक्तवाहिन्या लवचीक असतात, वयाने आणि वाढलेल्या दाबाने त्या कडक होतात, मग ठोक्याचा धक्का खोलवरच्या बारीक नसांपर्यंत पोचतो, त्या नसांची भिंत पातळ असते. टायर आणि उंबरठा इथपर्यंत त्या आल्या आणि थांबल्या. समोर कोण बसलंय ते त्यांना आठवलं.

"हे तुम्हीच मला शिकवलंत," त्या म्हणाल्या, "आणि तुमचंच टायर मी बघितलं नाही. माझं चुकलं, मामा."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. तिने एवढंच विचारलं की यांचं गप्प होणं याच्यामुळेच का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुधा हो. या नसा जिथे असतात तिथून चालण्याच्या आणि उत्साहाच्या तारा जातात. माणूस सगळं विसरतो असं नाही; मंद होतो, त्याला काही करावंसं, विचारावंसं वाटत नाही. लोकांना वाटतं वय झालं, किंवा रुसला. बायको म्हणाली, मला वाटलं माझ्यावर. आणि तिने मामांचा हात धरला, डॉक्टरांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, जे तिने तीस वर्षांत केलं नव्हतं.

मामा मात्र डागांकडे बघत होते. घाबरले होते, नव्हते असं नाही. पण स्वतःच्या मेंदूचा आतला भाग असा उजेडात बघायला मिळाला होता आणि तो काही रोज मिळत नाही. बराच वेळ बघून ते सावकाश, शब्द जुळवत म्हणाले,

"मॅडम, आधी काय झालं? ठोका जोरात बसायला लागला म्हणून नसा बिघडल्या, की नसा आधीच बिघडून चोंदल्या आणि पुढे वाट नाही म्हणून ठोका उसळायला लागला?"

दारात उभ्या असलेल्या ताईंनी बायकोकडे पाहिलं आणि बायकोने ताईंकडे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की याचं पक्कं उत्तर त्यांच्याकडे नाही. मोठमोठे अभ्यासक यावर भांडतात, कारण पेशंट येतो तेव्हा दोन्ही झालेलं असतं; कुणाचंही डोकं आधीपासून दर आठवड्याला मोजून ठेवलेलं नसतं. हे वाक्य पुरं होता होता त्या स्वतःच उठून उभ्या राहिल्या. ताई रजिस्टरं आणायला धावल्या. आणि मग मामांना आठवलं की एमआरआयचं मशीन आठ वर्षांपूर्वी नवं आलं, तेव्हाही चाचणीसाठी पहिल्यांदा कुणाला घातलं होतं? दुसऱ्या कुणाचं डोकं फुकट होतं? संगणकात तो जुना फोटो निघाला. डागाचं नाव नाही, लख्ख. त्या महिन्यातले चारही सोमवार पॉइंट शहाण्णव.

म्हणजे निदान या एका डोक्यात ठोका आधी चढायला लागला होता आणि डाग नंतर उठले होते. डॉक्टरीणबाईंनी लगेच हात वर केला. एका डोक्यावरून काही सिद्ध होत नाही, फोटोत न दिसणारा बिघाड तेव्हाही असू शकेल, वय तर सगळ्यांचंच वाढतं. पण त्यांचे डोळे चमकत होते, आणि मामांचेही. बायकोला या दोघांचं काही कळेना. नवऱ्याच्या डोक्यात डाग निघालेत आणि दोघं लॉटरी लागल्यासारखी वह्या चाळतायत. त्या दिवशी ती दोघांवरही मनापासून चिडली, आणि घरी जाताना तिला किती हलकं वाटत होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पुढचे दोन महिने हॉस्पिटलला जड गेले. ज्यांच्या आकड्यातून वजाबाकी झाली होती ते दोन वर्षांचे सगळे रिपोर्ट डॉक्टरीणबाई आणि ताई पुन्हा बघत बसल्या. बहुतेकांना फरक पडत नव्हता. अकरा जणांना परत बोलवावं लागलं, आणि प्रत्येकाला ताईंनी स्वतः सांगितलं की चूक माझी. एका माणसाने त्यांना वाटेल तसं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या अकरांना खुर्चीतून आत आणायचं काम मामांनी मागून घेतलं. जड पेशंटच्या खुर्च्या आता त्यांना देत नसत, पण यांच्यासाठी ते अडून बसले. सोमवारची पद्धतही बदलली. आता तीन डोकी, ताईंचं, रिसेप्शनवरच्या बाईंचं आणि डॉक्टरीणबाईंचं, आणि वहीत प्रत्येकाचं वय लिहायचं.

मामांचं डोकं मापाच्या कामावरून उतरलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं. कुणाला वाटेल, वेडेपणा आहे. पण पहिल्या सोमवारी सव्वाआठला ते सवयीने बूट काढून उभे राहिले आणि टेबलावर रिसेप्शनवरच्या बाई आधीच आडव्या होत्या, तेव्हा त्यांना गलबलून आलं. ताईंनी त्यांना थांबायला सांगितलं. बाईंचं झाल्यावर त्यांना आडवं केलं आणि एक नवी वही काढली. जुन्या वह्यांवर 'मशीन तपासणी' असं असायचं. या वहीवर त्यांनी 'मामा' लिहिलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. मीठ कमी झालं, म्हणजे मामांनी केलं नाही, बायकोने केलं. रोज संध्याकाळी दोघं चालायला जायची, ती पुढे आणि ते मागे, आणि ती दर दिव्याच्या खांबापाशी थांबून पाय नीट उचला म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की उठलेले डाग पुसले जाणार नाहीत. नवे उठू नयेत एवढं आपण बघायचं, बाकी मेंदू काय वाटा काढतो ते बघू. ब्लडप्रेशर महिन्या-दीड महिन्यात आटोक्यात आलं. पण मामा घरी गप्पच होते. डॉक्टरांच्या खोलीतला तो एक प्रश्न विजेसारखा चमकून गेला होता आणि पुन्हा सगळं शांत. हॉस्पिटलात क्वचित काही विचारायचे. घरी आल्यावर दमलेले असायचे. बायको आता रागावत नव्हती, रडतही नव्हती, पण काजं करता करता तिचा कान त्यांच्याकडे असायचा.

सहा महिन्यांनी एका सोमवारी मामांचा आकडा आला एक पॉइंट एकोणीस.

"मशीन कमी दाखवतंय की काय?" ताई म्हणाल्या आणि त्यांचा हात फोनकडे गेला. तिथेच थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ताईंनी वही ओढली. त्यांचा स्वतःचा आकडा गेल्या आठवड्याइतकाच, बाईंचाही, डॉक्टरीणबाईंचाही. मशीन ठीक होतं. त्या इतक्या हसल्या की जेलची बाटली कलंडली. डॉक्टरीणबाईंनी येऊन बजावलं की एका आकड्यावर नाचायचं नाही, पुढचे दहा सोमवार बघू. बजावताना त्यांनीही तो आकडा दोनदा वाचला.

मामा संध्याकाळी घरी आले. आकड्याचं सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण चालून आल्यावर ते खुर्चीत बसले आणि सांगायचं राहून गेलं. बायको शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. पट्टीवरची काजं तिने वरून खाली एका ओळीत केली, मग कॉलर हातात घेतली, शर्ट आडवा फिरवला आणि वरचं शेवटचं काज करायला लागली. मामा बघत होते.

"सगळी काजं उभी," ते म्हणाले, "आणि कॉलरचं एकच आडवं. का?"

बायकोची सुई थांबली. तिला उत्तर माहीत होतं. कॉलरला ताण आडवा बसतो, उभं काज केलं तर मान वळवली की बटण निसटतं. तीस वर्षं ती हेच करत होती आणि हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने सुई शर्टात खोचली, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "परत विचारा."

मामांनी परत विचारलं.